धाव

बैलगाडीच्या लाकडी चाकावर जी लोखंडी पट्टी चढवतात तिला मराठीत 'धाव' म्हणतात. शब्दकोशात हा अर्थ मी अनेकदा वाचला असेल, वर्गात एखाद्या ग्रामीण कथेच्या टीपेत सांगितलाही असेल. पण तो शब्द मला खऱ्या अर्थाने भेटला तो गेल्या उन्हाळ्यात, गाडीला चार नवे टायर घ्यायचे ठरले तेव्हा.

वर्ध्यातल्या त्या दुकानात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून मी भिंतीला लावलेले टायर पाहत होते. दुकानदाराने विचारलेला प्रश्न अगदी साधा होता. "मॅडम, गाडी चालते कुठं?"

"सगळीकडे," मी म्हणाले.

तो हसला. गाडीजवळ उकिडवा बसून त्याने जुन्या टायरवरून बोट फिरवले आणि म्हणाला, "सगळीकडं नाही. रोडवरच चालते."

त्याचे खरे होते. कडेच्या जाड ठोकळ्यांवर दगडाचा एक ओरखडा नव्हता, रुंद खाचांच्या तळाशी वाळलेल्या चिखलाचा मागमूस नव्हता. तीन वर्षांपूर्वी मी मोठ्या हौसेने ते टायर बसवून घेतले होते. व्यापारी भाषेत त्यांना 'ऑल टेरेन' म्हणतात, दुकानात नुसते 'एटी'. मूळ कंपनीने दिलेले टायर 'एचटी', म्हणजे हायवेसाठीचे होते. ते मला फार सपक वाटायचे. एवढी उंच, चौकोनी गाडी आणि तिच्या पायात शाळकरी मुलाच्या चपला, असे काहीसे. एटी बसवल्यावर गाडी दणकट दिसू लागली. माझ्या मुलाने फोटो काढले. मीही दोनतीनदा, कोणी बघत नाही असे पाहून, गाडीभोवती फेरी मारून आले, हे आता कबूल करायला हरकत नाही.

या हौसेला नुसता मिरवण्याचा सोस म्हणणे मात्र मला पटत नाही. विद्यापीठाच्या परीक्षांच्या कामासाठी मला नागपूरला जावे लागते. परतायला कधी रात्रीचे नऊ वाजतात, कधी दहा. पंचाहत्तर किलोमीटरचा रस्ता, मागून प्रखर दिवे टाकत येणारे ट्रक आणि गाडीत मी एकटी. अशा वेळी आपली गाडी बाहेरून कशी दिसते हा प्रश्न सौंदर्याचा उरत नाही. दणकट दिसणाऱ्या गाडीला लोक थोडे जपून असतात, असा माझा समज आहे. तो खोटाही असेल. पण चालवणाऱ्याच्या हातांना त्याने जी स्थिरता येते ती खोटी नसते. शिवाय आमचे गाव आर्वी तालुक्यात, शेत काळ्या मातीचे, शेताकडे जाणारी पांदण. कधी वेळ आली तर गाडी तिथवर जायला हवी, ही सबबही हाताशी होतीच.

पुढे आई गेली आणि बाबा माझ्याकडे वर्ध्याला राहायला आले. त्यांना ऐकू कमी येते, कानाला यंत्र आहे. दर महिन्याला त्यांना तपासणीसाठी नागपूरला न्यावे लागते. सुरुवातीला मी त्या फेऱ्यांची वाट पाहायचे. घरात टीव्ही असतो, मुलाचे क्लास असतात, माझे पेपर असतात. गाडीत मात्र जाऊन-येऊन तीन तास आम्ही दोघेच. मनात होते की बाबा बोलतील, आईबद्दल बोलतील.

बाबा बोलत नव्हते. पवनार मागे पडायचे, सेलू यायचे, ते खिडकीतून बाहेर बघत बसलेले असायचे. मी काही विचारले तर "हो" म्हणायचे, आणि ते "हो" माझ्या प्रश्नाचे उत्तर नसायचे. मला वाटले, दुःख आहे, वेळ लागेल. साहित्याच्या माणसांना एक खोड असते. गप्प बसलेला माणूस दिसला की आम्ही त्याच्या गप्प बसण्याला लगेच अर्थ देतो.

एकदा केळझरला चहासाठी थांबलो. गाडी बंद केली, काचा खाली केल्या. बाबांनी कपातला चहा बशीत ओतला आणि ते एकदम बोलू लागले. कापसाचे काय झाले, शेजारच्या शेताचा बांध कोणी सरकवला, आईला दवाखान्यातून आणले त्या दिवशी आभाळ कसे होते. मी न राहवून विचारले, "बाबा, गाडीत का नाही हो बोलत?"

ते म्हणाले, "गाडीत बसलं का कानात जातं सुरू होते. अन् तू म्हणते, बाबा बोलत काहून नाही."

मी ज्याला शोक समजत होते तो माझ्या टायरचा आवाज होता.

त्यानंतर मी या आवाजाच्या मागे लागले. चाक फिरते तेव्हा टायरवरचे रबराचे ठोकळे एकामागून एक रस्त्यावर आपटतात. प्रत्येक ठोकळा टेकताना त्याच्या शेजारच्या खाचेतली हवा दाबली जाते आणि तो उचलला जाताना ती सुटते. दोन तळव्यांमध्ये हवा धरून टाळी वाजवावी तसे. ठोकळे जितके मोठे आणि खाचा जितक्या रुंद, तितका हा व्यापार जोरात. सगळे ठोकळे एकाच मापाचे असतील तर ही आपट ठरावीक अंतराने होते आणि तिचा एक सलग सूर लागतो. म्हणून टायर आखणारे अभियंते ठोकळ्यांच्या लांबीत मुद्दाम फरक करतात, लहान-मोठे ठोकळे विषम क्रमाने मांडतात, म्हणजे आवाज एका सुरात साठत नाही, विखुरतो. हे वाचताना मला आमच्या छंदःशास्त्राची आठवण झाली. भुजंगप्रयातात 'य' गण चारदा येतो आणि ओळ कानात घुमत राहते. मुक्तछंदात आघात असतात, पण ते मोजून येत नाहीत. शांत टायर हा मुक्तछंदात लिहिलेला असतो, असे म्हणायला हरकत नाही.

माझ्या टायरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट झाली होती आणि ती पूर्णपणे माझ्या आळसाची होती. ठोकळ्यांची नक्षी मोठी असली की त्यांच्या पुढच्या आणि मागच्या कडा सारख्या झिजत नाहीत. करवतीच्या दातांसारखा उतार तयार होतो आणि आवाज महिन्यागणिक वाढत जातो. त्यावर उपाय म्हणजे दर आठ-दहा हजार किलोमीटरला चाकांची अदलाबदल. मी ती एकदाही केली नव्हती. आवाज हळूहळू वाढला म्हणून मला तो जाणवला नाही. जाणवला त्यांना, ज्यांच्या कानात आवाज वाढवणारे यंत्र होते.

वयोमानाने येणाऱ्या बहिरेपणात आधी जातात ते उंच पट्टीचे ध्वनी. स्वर बराच काळ टिकतात. स, श, त, क यांसारखी व्यंजने आधी विरतात. भाषेत अर्थाचा पुष्कळसा भार व्यंजनांवर असतो. त्यामुळे समोरचा बोलतो आहे एवढे कळते, काय बोलतो ते कळत नाही. टायरचा आवाज सर्वांत दाट असतो तो एक हजार हर्ट्झच्या आसपास, म्हणजे नेमका माणसाच्या बोलण्याच्या पट्ट्यात. बाबांजवळ उरलेले जे ऐकणे होते, त्यावर माझ्या गाडीची चाके जाऊन बसली होती.

या शोधात एक गोष्ट वाचून मी थांबले. हवेचा टायर म्हटले की आपल्याला जॉन बॉइड डनलॉपचे नाव आठवते, १८८८ सालचे. पण त्याच्या कितीतरी आधी, १८४५ साली, रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश माणसाने हवा भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले होते. त्यात त्याने आपल्या शोधाचे हेतू सांगितले आहेत: गाडी ओढायला जोर कमी लागावा, प्रवास सुखाचा व्हावा, आणि चाकांचा आवाज कमी व्हावा. हवेच्या टायरच्या जन्मपत्रिकेतच शांतता लिहिलेली होती. पावणेदोनशे वर्षांनी मी जास्तीचे पैसे मोजून ती पुसून टाकली, कारण मला टायरचे खांदे रुंद दिसायला हवे होते.

घरी बाबांना हे सांगितले. मोठ्याने आणि सावकाश. त्यांनी ऐकून घेतले आणि मग ते धावेविषयी बोलू लागले. गावात सुतार चाक करायचा. तुंबा, आरे, पुठ्ठे. धाव चढवायला लोहार. लोखंडाची कडी चाकापेक्षा किंचित लहान ठेवायची, गोवऱ्यांच्या आगीत लाल करायची, फुगली की चाकावर बसवायची आणि लगेच पाणी मारायचे. वाफेचा लोट उठायचा आणि थंड होताना ती कडी आवळून लाकडाला अशी धरायची की खिळ्याची गरज लागू नये. आम्ही मुले ते पाहायला जमायचो म्हणे. मला आठवत नाही.

"त्या धावेचा आवाज किती असायचा," मी म्हणाले. "तो नाही का त्रास द्यायचा?"

"तो आवाज येगळा," बाबा म्हणाले. "रात्री बंडी आली का अंथरुणातूनच समजे, कोनाची हाय. मंग रबरी चाकाच्या बंड्या आल्या. बैलाले सोपं झालं. पन दाराशी येऊन उभी राहेपर्यंत कोन आलं ते समजे नाही."

म्हणजे आवाज वाईट आणि शांतता चांगली, असा साधा हिशेब नाहीच. जो आवाज कोण आले ते सांगतो तो माणसाला माणसाजवळ आणतो. जो शेजारी बसलेल्याचे बोलणे झाकतो तो दूर नेतो. मी माझ्या पांदणीची सबब पुढे केली. एटी टायर असले म्हणजे पावसातही शेतापर्यंत जाता येईल, असे म्हणाले. बाबांनी माझ्याकडे पाहिले.

"पान्याच्या दिवसात त्या पांदनीनं बैल नाही जात. तुही गाडी कुठून जाईन?"

हेही खरेच होते. आमची काळी माती ओली झाली की खाचा पाहत नाही. दोन फेऱ्यांत ती ठोकळ्यांमधल्या जागा भरून टाकते आणि मग टायर कोणताही असो, तो चिखलाचा गुळगुळीत लाडू होतो. त्या मातीत पावसाळ्यात जायचे नसते, थांबायचे असते. हे शेतकऱ्याच्या मुलीने टायरच्या जाहिरातीवरून विसरावे, याची मला थोडी लाज वाटली. पवनारजवळून जाताना ती जास्तच वाटते. १९५१ साली विनोबा इथून पायी निघाले ते तेलंगणात पोचले. त्याच गावावरून मी टायरच्या खांद्यांची चिंता करत जात होते.

लाज वाटली तरी गरज संपत नाही. रात्री एकटीने चालवायची गाडी दणकट दिसावी असे मला अजूनही वाटत होते. म्हणून दुकानदाराच्या प्रश्नाचे उत्तर मी दुरुस्त केले. "रस्त्यावरच चालते. जुना नागपूर रस्ता, कधी येळाकेळीवरून समृद्धी. शंभरातले पंचाण्णव किलोमीटर डांबर किंवा काँक्रीट. सोबत ऐंशी वर्षांचे वडील. पण दिसायला मजबूत पाहिजे."

"मग असं सांगायचं ना," तो म्हणाला.

त्याने दोन टायर शेजारी उभे केले. बहुतेक कंपन्या आता एकाच नावाखाली दोन्ही जाती काढतात. अपोलोच्या अ‍ॅप्टेरा मालिकेत एचटी आहे तशी एटीही आहे. पाहायचे ते नावापेक्षा नक्षीकडे. मध्यभागी सलग पट्ट्या असतील आणि खाचा अरुंद असतील तर आवाज कमी. दणकटपणा हवा तो खांद्यावर आणि बाजूच्या भिंतीवर असावा. तिथले उठावदार ठोकळे आणि ठळक अक्षरे सरळ रस्त्यावर फारशी टेकत नाहीत, म्हणून बोलतही नाहीत. दिसणे बाजूला आणि चालणे मध्यभागी, अशी ती विभागणी होती. माझी अडचण एवढ्या सोप्या रीतीने सुटेल असे मला वाटले नव्हते.

मग त्याने मला टायर वाचायला शिकवले. आमचे माप २३५/६५ आर १७. रुंदी २३५ मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, रिम १७ इंची. पुढे १०४ एच. १०४ म्हणजे एका टायरवर ९०० किलोपर्यंत भार, एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत वेगाची मर्यादा. एका लंबवर्तुळात चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेला टायर 'नवा' म्हणून घेऊ नये, म्हणून ते पाहायचे. आवाजाचा आकडा मात्र मला कुठे दिसला नाही. युरोपात टायरच्या लेबलवर तो डेसिबलमध्ये छापतात. पण तो रस्त्याच्या कडेला, साडेसात मीटरवर ठेवलेल्या माइकने मोजलेला असतो. तो कडेला राहणाऱ्यांसाठी आहे, आत बसलेल्या बाबांसाठी नाही. आपल्याकडेही केंद्र सरकारने २०२२ साली अधिसूचना काढून टायरच्या फिरतानाच्या आवाजाला, ओल्या रस्त्यावरच्या पकडीला आणि घरंगळण्यातल्या अवरोधाला मर्यादा ठरवून दिल्या. आवाज हा सुरक्षिततेच्या आणि इंधनाच्या पंक्तीत येऊन बसला, ही मला चांगली गोष्ट वाटते.

कारण टायर हा अखेर जिवाचा प्रश्न आहे आणि आमच्या जिल्ह्याला हे सांगावे लागू नये. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला. काँक्रीटचा सरळ रस्ता, मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आणि वर विदर्भाचा उन्हाळा. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ जण गेले. त्यांत वर्ध्याचे प्रवासी होते. चालकाने टायर फुटल्याचे सांगितले होते. परिवहन अधिकाऱ्यांच्या अहवालाने ते मान्य केले नाही. त्या दिवसांत इथे प्रत्येक घरात टायर हा शब्द होता. मला तेव्हापासून वाटते की टायरवर दोष टाकणे सोपे असते, कारण तो बोलत नाही. माणसाचा थकवा, झोप, वेग यांना नाव देणे अवघड.

दुकानदार निघताना म्हणाला, "हवा सकाळी, चाक थंड असताना पाहायची. दुपारची हवा खोटी." तेही शास्त्राला धरून आहे. तापमान दहा अंशांनी चढले की टायरमधला दाब साधारण दीड पौंडाने चढतो. उन्हाळ्यात दुपारी जास्त दिसते म्हणून हवा काढून टाकली, तर सकाळी टायर उपाशी राहतो, आणि उपाशी टायर जास्त वाकतो, जास्त तापतो.

नव्या टायरवर बाबांना घेऊन नागपूरला निघाले तो जूनमधला पहिला आठवडा होता. गाडीत शांतता होती असे म्हणणार नाही. रस्ता होता, वारा होता, ट्रक होते. पण जाते थांबले होते. सेलू येण्याआधीच बाबांनी खिडकीवरून नजर काढली आणि विचारले, "पोट्ट्याची परीक्षा केव्हा हाय?" मी उत्तर दिले. त्यांनी ते ऐकले आणि त्यावर दुसरा प्रश्न विचारला. कितीतरी महिन्यांनी आमच्या संभाषणाला दुसरे वाक्य मिळाले.

नवा टायर शांत असतोच. खरी परीक्षा वीस हजार किलोमीटरनंतर आहे, हे मला ठाऊक आहे. या वेळी चाकांची अदलाबदल वेळेवर करायची, असे दिनदर्शिकेत लिहून ठेवले आहे. दणकट दिसण्याच्या बाबतीत मुलगा अजून नाराज आहे. त्याच्या मते आधीचे भारी होते.

त्या दिवशी केळझरला आम्ही थांबलो नाही, कारण बाबा बोलत होते. कोणाच्या लग्नात बंडीची धाव निसटली आणि वऱ्हाड कसे रात्रभर रानात बसले, ही गोष्ट चालली होती. त्या बंडीत आईही होती. मी मध्ये काहीतरी विचारायला मान वळवली.

"समोर पाहून चालव," बाबा म्हणाले. "मी सांगून रायलो ना."